घरच्या मत्स्यालयात स्टर्जन पाळावा काय?

कोल्हापूर शहराच्या पेठांतून आणि आता तालुक्याच्या बाजारपेठांतूनही रंगीत माशांची दुकाने दिसू लागली आहेत. पूर्वी काचेमागे पोहणारा मासा पाहावयाचा तर मुंबईस जावे लागे. तेथील तारापोरवाला मत्स्यालय १९५१ साली सुरू झाले आणि महाराष्ट्रातील पुष्कळांनी असा मासा प्रथम तेथेच पाहिला. आज मात्र खेड्यातील शेतकऱ्याच्या सोप्यातही दिव्याच्या उजेडात चमकणारी काचेची टाकी आढळते. ही आवड चांगली आहे. मुलांना सजीवांची ओळख होते, घरात नियमितपणाची सवय लागते आणि काही कुटुंबांना यातून जोडधंदाही मिळतो.

परंतु आवडीबरोबर मोहही वाढतो. भ्रमणध्वनीच्या पडद्यावर परदेशातील चित्रफिती दिसतात. त्यांत लांब नाकाचा, पाठीवर ढालींची रांग असलेला आणि शार्कसारख्या शेपटीचा एक मासा तळाशी संथपणे फिरताना दिसतो. हाच स्टर्जन होय. असा मासा आपल्या घरच्या टाकीत ठेवता येईल काय, असा प्रश्न तो पाहणाऱ्याच्या मनात सहज येतो. त्याचे थोडक्यात उत्तर ‘नाही’ असे आहे. हे उत्तर केवळ स्टर्जनपुरते नसून मोठ्या होणाऱ्या प्रत्येक माशाला लागू पडते. म्हणून त्यामागील कारणे नीट समजून घेणे अगत्याचे आहे.

स्टर्जनची ओळख

स्टर्जन हा युरोप, उत्तर आशिया व उत्तर अमेरिका या थंड प्रदेशांतील मासा आहे. भारतातील कोणत्याही नदीत तो मूळचा आढळत नाही. त्याचे कुळ अतिप्राचीन असून त्याचा सांगाडा बव्हंशी कूर्चेचा असतो. अंगावर नेहमीच्या खवल्यांऐवजी हाडांच्या ढालींच्या पाच रांगा असतात. तोंड डोक्याच्या खालच्या बाजूस असून मोठ्या माशाच्या तोंडात दात नसतात. तोंडापुढे चार मिशा असतात. त्यांच्या साहाय्याने तो तळातील गाळ चाचपतो आणि अळ्या, किडे, गांडुळासारखे जीव शोषून घेतो.

याच्या काही जातींच्या अंड्यांपासून ‘कॅव्हिअर’ हा अत्यंत महाग खाद्यपदार्थ तयार होतो आणि हेच या माशाच्या नाशाचे एक मोठे कारण ठरले आहे. मादी वयात येण्यास बरीच वर्षे लागतात. बेलुगा जातीच्या मादीस तर पंधरा वर्षांहून अधिक काळ लागतो. त्यानंतरही ती दरवर्षी अंडी घालीत नाही. अंड्यांसाठी झालेली बेसुमार पकड, नद्यांवरील धरणांमुळे बंद झालेल्या वाटा आणि पाण्याचे प्रदूषण यांमुळे जगातील स्टर्जनांची संख्या झपाट्याने घटली. निसर्गरक्षणाचे काम करणाऱ्या जागतिक संघटनेने २०२२ साली केलेल्या पाहणीत शिल्लक राहिलेल्या सर्व २६ जाती धोक्यात असल्याचे नमूद केले. चीनमधील यांगत्से नदीतील एक जात तर निसर्गातून नाहीशी झाल्याचे त्याच वर्षी जाहीर झाले.

वन्य प्राण्यांच्या व्यापारासंबंधीच्या ‘सायटीस’ या आंतरराष्ट्रीय कराराखाली १९९८ पासून स्टर्जनच्या सर्व जाती आल्या आहेत. आपल्या वन्यजीव संरक्षण अधिनियमात २०२२ साली झालेल्या दुरुस्तीने अशा करारातील जिवंत प्राणी बाळगणाऱ्यांवर नोंदणीची जबाबदारी टाकली आहे. परदेशी मासा देशात आणण्यास केंद्र शासनाची परवानगी व रोगमुक्ततेची तपासणीही आवश्यक असते. म्हणजे हा मासा दुकानातून सहज उचलून आणण्याचा जिन्नस नव्हे.

लांबीचा आणि वजनाचा हिशेब

दुकानात मिळणारा कोणताही मासा बहुधा पिलू असतो. बोटभर लांबीचे पिलू पाहून टाकी घेणे म्हणजे वासरू पाहून गोठा बांधण्यासारखे आहे. गोठ्याची लांबी-रुंदी आपण बैलाच्या मापाने धरतो, वासराच्या नव्हे. टाकीसही हाच नियम लावावा.

स्टर्जनच्या जातींत लहान समजला जाणारा स्टरलेटदेखील पूर्ण वाढल्यावर सुमारे एक मीटर लांब होऊ शकतो. बेलुगा तर पाच मीटरांहून अधिक लांब व एक टनाहून अधिक वजनाचा झाल्याच्या नोंदी आहेत. आता घरातील सर्वसाधारण टाकी घेऊ. ती ९० सेंटिमीटर लांब, ३८ सेंटिमीटर रुंद व ३८ सेंटिमीटर उंच धरल्यास काठोकाठ भरून सुमारे १३० लिटर पाणी मावते. ८० सेंटिमीटरांच्या स्टरलेटला ३८ सेंटिमीटरांच्या रुंदीत अंग वळविणेही अशक्य होईल. हा मासा सतत पुढे पोहणारा आहे. कोपऱ्यात नाक घासून घासून त्यास जखमा होतात आणि त्या जखमांत रोग शिरतो.

येथे आणखी एक गोष्ट लक्षात घ्यावी. माशाची लांबी दुप्पट झाली म्हणजे त्याचे वजन दुप्पट होत नाही, तर सुमारे आठपट होते. कारण लांबीबरोबर रुंदी आणि जाडीही वाढते. त्यामुळे खाद्य, प्राणवायू व घाण यांचे प्रमाणही लांबीपेक्षा फार अधिक वेगाने वाढते. लहानपणी सुखाने राहणारा मासा वर्षभरात टाकीस असह्य होतो, याचे कारण हेच होय.

उष्ण पाणी आणि प्राणवायू

स्टर्जनला थंड, वाहते व प्राणवायूने भरलेले पाणी लागते. पाण्याचे तापमान २० अंश सेल्सिअसच्या आसपास किंवा त्याहून कमी असणे त्यास मानवते. २५ अंशांच्या वर गेल्यास त्याच्यावर ताण पडू लागतो. कोल्हापुरात एप्रिल व मे महिन्यांत दुपारचे तापमान ३५ अंशांच्या वर जाते आणि घरातील टाकीचे पाणीही २८ ते ३० अंशांवर पोचते.

पाणी जितके उष्ण, तितका त्यात विरघळणारा प्राणवायू कमी, हा निसर्गनियम आहे. १५ अंशांच्या गोड्या पाण्यात दर लिटरला सुमारे १० मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, तर ३० अंशांच्या पाण्यात सुमारे साडेसातच. उलट उष्णतेने माशाच्या शरीराचे व्यापार वाढतात आणि त्याची प्राणवायूची गरज वाढते. म्हणजे गरज वाढते तेव्हाच पुरवठा घटतो. पाणी थंड करणारे यंत्र बसविल्यास तापमान राखता येते, परंतु ते अहोरात्र चालले पाहिजे. उन्हाळ्यात वळवाचा पाऊस येऊन दोन-चार तास वीज गेली, तर हवेचा पंप आणि थंडावा दोन्ही बंद पडतात. मोठ्या वजनाच्या माशाला तेवढा अवधी प्राणघातक ठरू शकतो.

शेतकऱ्यास परिचित असलेली क्रिया

टाकीतील पाणी निर्मळ दिसते म्हणून ते निर्दोष असतेच असे नाही. मासा आपल्या कल्ल्यांवाटे अमोनिया बाहेर टाकतो. उरलेले खाद्य कुजूनही अमोनिया तयार होतो आणि तो माशांस विषारी आहे. पाणी उष्ण व अल्कधर्मी असेल तर त्याचा विषारीपणा अधिक जाणवतो.

शेतात अमोनियम सल्फेट घातल्यावर जमिनीतील सूक्ष्म जीवाणू त्यातील अमोनियाचे प्रथम नायट्राइट व नंतर नायट्रेट बनवितात आणि पीक ते नायट्रेट घेते. टाकीच्या गाळणीतील वाळू, खडे व स्पंज यांवर तशाच प्रकारचे जीवाणू वाढतात आणि तेच काम करतात. परंतु त्यांची वस्ती पुरेशी होण्यास साधारणपणे चार ते सहा आठवडे लागतात. आज टाकी भरून आजच मासे सोडणारांचे मासे आठवड्याभरात मरतात, याचे कारण बहुधा दुकानदाराचा दोष नसून ही घाई असते. गाळणी क्लोरीनयुक्त नळाच्या पाण्याने खळखळून धुतल्यास हे उपयुक्त जीवाणू मरतात. म्हणून ती टाकीतूनच काढलेल्या पाण्यात हलकेच विसळावी.

स्टर्जनसारख्या प्रथिनयुक्त खाद्य खाणाऱ्या वजनदार माशाचा अमोनिया निस्तरण्यास घरगुती गाळणी अपुरी पडते. त्याची खाण्याची रीतही अडचणीची आहे. तो डोळ्यांवर फारसा विसंबत नाही आणि मिशांनी तळ चाचपत अन्न शोधतो. सोबतचे चपळ मासे वरच्या वर खाद्य फस्त करतात आणि हा उपाशी राहतो. थंड देशांतील हौशी लोकदेखील त्यास काचेच्या टाकीऐवजी हजारो लिटरांच्या बागेतील तळ्यात ठेवतात.

मासा नकोसा झाल्यावर

खरी हानी येथून सुरू होते. टाकीत न मावणाऱ्या माशाला मारण्याचे मन होत नाही. तेव्हा त्यास विहिरीत, शेततळ्यात किंवा नदीत सोडून ‘जीव वाचविला’ असे समाधान मानले जाते. स्टर्जन आपल्या उष्ण पाण्यात बहुधा तगणार नाही. त्याची सुटका म्हणजे त्याचे मरणच ठरेल. परंतु उष्ण प्रदेशातून आलेले दुसरे मासे मात्र तगतात आणि वाढतात.

याचे जवळचे उदाहरण उजनी जलाशयाचे आहे. काच साफ करणारा म्हणून दुकानातून विकला जाणारा, अंगावर कठीण काटेरी कवच असलेला सकर मासा गेल्या काही वर्षांत तेथील मच्छीमारांच्या जाळ्यांत सापडू लागला आहे. हा मासा मूळचा दक्षिण अमेरिकेतील आहे. त्याच्या काट्यांनी जाळी फाटतात, बाजारात त्यास किंमत येत नाही, आणि काठाच्या मातीत बिळे करण्याची त्याची सवय बांधांनाही घातक आहे. पाण्यातील प्राणवायू कमी झाल्यास तो वर येऊन हवा गिळतो. त्यामुळे तो सहसा मरतही नाही. एकेका टाकीतून सुटलेल्या माशाची किंमत अशा रीतीने शेकडो मच्छीमार कुटुंबांस द्यावी लागते.

विहीर किंवा शेततळे बंदिस्त आहे, तेथून मासा कोठे जाणार, असा युक्तिवाद केला जातो. कोल्हापूरच्या शेतकऱ्यास याचे उत्तर सांगावे लागू नये. ऑगस्ट २०१९ मध्ये आणि पुन्हा जुलै २०२१ मध्ये पंचगंगा व कृष्णा यांच्या पुराने करवीर, हातकणंगले व शिरोळ तालुक्यांतील शिवारे बुडविली. त्या दिवसांत नदीकाठी विहीर, तळे, ओढा व नदी असा भेद राहिला नव्हता. केरळात २०१८ च्या महापुरानंतर अमेझॉन नदीतील अरापाइमा आणि उत्तर अमेरिकेतील ॲलिगेटर गार हे महाकाय मासे तेथील नद्यांत आढळले. ते संवर्धनाच्या तळ्यांतून पुराबरोबर बाहेर पडले होते. चीनमध्ये तर २०१६ च्या पुराच्या वेळी छिंगच्यांग नदीवरील पिंजऱ्यांतून हजारो टन संकरित स्टर्जन निसटून यांगत्से नदीच्या प्रवाहात गेले. ज्या नदीत मूळचे स्टर्जन जगविण्याची खटपट चालू होती, तिच्यातच हे संकरित मासे शिरले.

चांगल्या हेतूनेदेखील चूक होऊ शकते. दक्खनचा महसीर पुण्याच्या मुळा-मुठेतील नमुन्यांवरून १८३९ साली साइक्स याने प्रथम वर्णिला. लोणावळ्याच्या टाटा वीज कंपनीच्या केंद्रात १९७० च्या दशकापासून त्याची बोटुकली तयार करण्याचे मोलाचे काम झाले. परंतु हाच मासा कावेरीत सोडला गेल्यावर तेथील कुबडवाला महसीर मागे पडला. २०१८ साली कुबडवाल्या महसीराची नोंद अतिसंकटग्रस्त म्हणून झाली आणि बाहेरून आलेला महसीर हे त्याच्या ऱ्हासाचे एक कारण मानले जाते. एका नदीचा देशी मासा दुसऱ्या नदीत इतका महाग पडू शकतो, तर परदेशी माशाविषयी किती सावध असावे, हे वेगळे सांगण्याची आवश्यकता नाही.

कोल्हापूरच्या पाण्याचे धन

कासारी, कुंभी, तुळशी व भोगावती यांचे पाणी प्रयाग चिखली येथे एकत्र येऊन पंचगंगा होते आणि ती नृसिंहवाडीस कृष्णेला मिळते. या नद्यांत व त्यांच्या ओढ्यांत अनेक लहान देशी मासे राहतात. त्यांतील काहींची शास्त्रीय ओळख अगदी अलीकडे पटली आहे. आजरा-गडहिंग्लजच्या शिवारास पाणी देणाऱ्या हिरण्यकेशीतून २०१४ साली पेथिया लाँगिकॉडा ही लहान माशाची नवी जात वर्णिली गेली. त्याच नदीच्या उगमाशी, आंबोलीच्या मंदिरालगतच्या कुंडात सापडलेल्या शिस्टुरा हिरण्यकेशी या बोटभरही लांब नसलेल्या माशाचे वर्णन २०२० साली प्रसिद्ध झाले. पुढल्याच वर्षी शासनाने ते स्थळ जैवविविधता वारसा म्हणून घोषित केले. एका लहानशा कुंडाच्या आधाराने जगणारा असा मासा बाहेरून सोडलेल्या दोन-चार अधाशी माशांनीही धोक्यात येऊ शकतो.

मोठा मासा पाहण्याची हौस नदीतच भागविण्याची परंपरा आपल्याकडे आहे. महाड तालुक्यातील वाळण कोंड येथे देवीच्या नावाने राखलेल्या डोहात भाविक महसीरांना खाद्य घालतात आणि तेथे कोणी मासेमारी करीत नाही. मोठ्या माशाचे घर मोठ्या पाण्यातच असते, हे या परंपरेने जाणले आहे.

मग कोणते मासे पाळावेत?

९० सेंटिमीटर लांबीच्या टाकीत गप्पी, मॉली, प्लॅटी, झेब्रा यांसारखे लहान मासे उत्तम राहतात. डास निर्मूलनामुळे गप्पी तर खेड्यात सर्वांच्या परिचयाचा आहे. प्रारंभ करणाराने पुढील गोष्टी पाळाव्यात.

१. मासा विकत घेण्यापूर्वी त्याची पूर्ण वाढ किती होते हे विचारावे. दुकानदारास सांगता न आल्यास तो मासा घेऊ नये.

२. लहान, सडपातळ माशांसाठी पूर्ण वाढीच्या दर एक सेंटिमीटर लांबीस दोन लिटर पाणी धरावे. तळाची वाळू व वरची मोकळी जागा वजा जाता वरील टाकीत सुमारे ११० लिटर पाणी राहते. त्यात चार सेंटिमीटरांचे बारा-तेरा मासे पुरेत. हा नियम मोठ्या माशांस लावू नये.

३. टाकी भिंतीलगत, परंतु थेट उन्हापासून दूर व भक्कम टेबलावर ठेवावी. १०० लिटर पाण्याचे वजन १०० किलो होते, हे विसरू नये.

४. नळाचे पाणी पसरट भांड्यात २४ तास उघडे ठेवून मगच वापरावे. दर आठवड्यास सुमारे एक चतुर्थांश पाणी बदलावे. सर्व पाणी एकदम बदलू नये.

५. दोन-तीन मिनिटांत संपेल एवढेच खाद्य दिवसातून एक-दोन वेळा द्यावे.

६. टाकीतून काढलेले पाणी परसातील भाजीपाल्यास घालावे. त्यातील नायट्रेट पिकास उपयोगी पडते. औषध किंवा मीठ घातलेले पाणी मात्र पिकास देऊ नये. कोणतेही पाणी ओढ्यात किंवा विहिरीत ओतू नये.

७. मासा नकोसा झाल्यास दुकानदारास परत करावा किंवा मोठी टाकी असलेल्या हौशी व्यक्तीस द्यावा. मेलेला मासा जमिनीत पुरावा.

ज्यांना यातून उत्पन्न मिळवावयाचे आहे, त्यांनी परसातील सिमेंटच्या टाक्यांत पिले देणारे लहान मासे वाढविण्यापासून सुरुवात करावी. २०२० साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजनेत परसातील शोभिवंत मत्स्यसंगोपनाच्या घटकाचा खर्च ३ लाख रुपये धरून त्यावर सर्वसाधारण लाभार्थ्यांस ४० टक्के, तर महिला व अनुसूचित जाती-जमातींच्या लाभार्थ्यांस ६० टक्के साहाय्य ठेवले होते. चालू वर्षी कोणते साहाय्य उपलब्ध आहे, याची चौकशी जिल्ह्याच्या सहायक आयुक्त, मत्स्यव्यवसाय यांच्या कार्यालयात करावी. असे संगोपन पूररेषेच्या बाहेर करावे आणि टाक्यांच्या निकासास बारीक जाळी बसवावी.

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी काय करावे?

शेततळ्याची पाहणी करताना त्यात कोणते मासे सोडले आहेत, हे विचारण्याचा प्रघात ठेवावा. शाळेतील टाकीजवळ प्रत्येक माशाचे नाव, मूळ देश व पूर्ण वाढीची लांबी लिहिलेली पाटी मुलांकडूनच लावून घ्यावी. पावसाळ्यापूर्वी नदीकाठच्या गावांत ज्यांच्याकडे परदेशी मासे असतील त्यांना भेटून, पूर आल्यास ते मासे कोठे हलविणार, हे आधीच ठरवून घ्यावे. जाळ्यात अनोळखी मासा सापडल्यास तो पुन्हा पाण्यात न सोडता त्याचे छायाचित्र घेऊन मत्स्यव्यवसाय कार्यालयास कळवावे, अशी सूचना मच्छीमार सहकारी संस्थांच्या सभासदांस द्यावी.

शेतकरी बियाणे घेताना ते आपल्या जमिनीस व हवामानास मानवेल काय, हे पाहतो. बैल घेताना आपल्याकडे वैरण किती, याचा अंदाज घेतो. मासा घेतानाही तोच विचार करावा. स्टर्जन हा थंड आणि विस्तीर्ण नद्यांचा जीव आहे, त्यास तेथेच राहू द्यावे. आपल्या सोप्यातील टाकीत गप्पी-मॉलीचा लहानसा थवा निरोगी ठेवता आला आणि आपल्या गावच्या ओढ्यात बाहेरचा एकही मासा गेला नाही, तर ही हौस घरासही पुरेल आणि नदीसही जाचणार नाही.